अव्वल कोण? सावरपाड्याच्या एका हंगामाचा हिशेब

२०१०च्या हंगामात लांब पल्ल्याच्या शर्यतींत भारताची अव्वल महिला धावपटू कोण होती? हरसूलच्या बाजारात हा प्रश्न विचारला तर उत्तर एका क्षणात मिळेल: कविता राऊत. राष्ट्रीय विक्रमांचा तक्ता उघडला तर मात्र तिथे केरळच्या प्रिजा श्रीधरनचं नाव आहे. दोन्ही उत्तरं खरी आहेत. हंगामाचा मानकरी ठरवताना घड्याळ एक सांगतं, पदक दुसरं सांगतं आणि पुरस्कार समिती अनेकदा तिसरंच सांगते. कविताचा तो हंगाम या तिन्ही मापांनी तपासून पाहण्यासारखा आहे, कारण इतक्या कमी दिवसांत इतकं काही घडलेला दुसरा हंगाम नाशिक जिल्ह्याच्या मैदानी खेळांच्या इतिहासात सापडणं कठीण आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हरसूल हे मोठ्या बाजाराचं गाव. नाशिकहून गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट ओलांडून तिथे जाता येतं. भोवती कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजाचे पाडे, उतारावर नागली आणि वरई, खाचरांत भात. पाऊस पुष्कळ पडतो, पण उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट चुकत नाही. याच परिसरातल्या सावरपाड्यात ५ मे १९८५ रोजी कविताचा जन्म झाला. सुरुवातीला ती अनवाणी धावायची. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली भोसला सैनिकी शाळेच्या परिसरात तिचा सराव सुरू झाला आणि काही वर्षांत वृत्तपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव दिलं. हे नाव अजून टिकून आहे.

आता हंगाम. ८ ऑक्टोबर २०१०, दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा, महिलांची १०,००० मीटर शर्यत, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. केनियाची ग्रेस मोमान्यी ३२ मिनिटं ३४.११ सेकंदांत पहिली आली, तिचीच देशभगिनी डोरिस चांगेवो ३२ मिनिटं ३६.९७ सेकंदांत दुसरी. कविता ३३ मिनिटं ०५.२८ सेकंदांत तिसरी. रौप्यपदक तिच्यापासून अठ्ठावीस सेकंदांहून दूर होतं, म्हणजे ही रौप्यासाठीची लढाई नव्हती. दोघी केनियन पुढे निघून गेल्यावर उरलेल्यांत पहिलं येण्याची ती लढाई होती. तरीही या कांस्याचं मोल वेगळं होतं. १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंग यांनी ४४० यार्डांचं सुवर्ण जिंकलं, त्यानंतर बावन्न वर्षांत राष्ट्रकुल स्पर्धांच्या धावमार्गावर एकाही भारतीयाला वैयक्तिक पदक मिळालं नव्हतं. आणि भारतीय महिलेला तर त्यापूर्वी ते कधीच मिळालं नव्हतं.

तीनच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, थाळीफेकीत कृष्णा पुनियाच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी तिन्ही पदकं घेतली आणि दुसऱ्या दिवशी ४ बाय ४०० मीटर रिलेचं सुवर्णही आलं. त्या आठवड्याच्या गजरात कविताचं कांस्य पदकतालिकेतली एक ओळ होऊन राहू शकलं असतं. तसं झालं नाही, ते त्या बावन्न वर्षांमुळे आणि मायदेशातल्या प्रेक्षकांमुळे.

पण त्या हंगामातली तिची सर्वांत मोठी धाव दिल्लीतली नव्हती. ती चव्वेचाळीस दिवसांनी चीनमध्ये झाली.

२१ नोव्हेंबर २०१०, ग्वांगझू, आशियाई स्पर्धा. तेच अंतर, त्याच पंचवीस फेऱ्या. प्रिजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदांत पहिली, कविता ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत दुसरी. दहा किलोमीटर धावून दोघींमध्ये उरला तो ०.९७ सेकंद. प्रिजाचा तो राष्ट्रीय विक्रम ठरला आणि पुढे दशकाहून अधिक काळ टिकला. दिल्लीतल्या वेळेच्या तुलनेत कविता एक मिनिट तेरा सेकंदांहून जास्त वेगात धावली होती. १०,००० मीटरमध्ये दीड महिन्यात एवढा फरक दिसला की त्यातला बराचसा भाग शर्यतीच्या स्वरूपाचा असतो. पदकासाठी धावणारी धावपटू घड्याळाकडे पाहत नाही, शेजारच्या खांद्याकडे पाहते. दिल्लीत केनियन जोडी सुटल्यावर कविताला वेग वाढवायला सोबत उरली नाही. ग्वांगझूत प्रिजा शेवटपर्यंत शेजारी होती.

पाच दिवसांनी ५,००० मीटरमध्ये त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. या वेळी सुवर्ण बहरीनच्या मिमी बेलेटेला गेलं, १५ मिनिटं १५.५९ सेकंद. प्रिजाला रौप्य, १५ मिनिटं १५.८९. कविताला कांस्य, १५ मिनिटं १६.५४. तिघी एका सेकंदाच्या आत. ज्यांनी ही शर्यत पाहिली त्यांना शेवटच्या सरळ पट्ट्यात पदकांचा रंग बदलताना दिसला असेल. तक्त्यात मात्र फक्त दशांशाच्या पुढचे आकडे दिसतात.

आता हिशेब मांडू. वेळेच्या मापाने हंगामाची अव्वल प्रिजा, कारण १०,००० मीटरची सर्वोत्तम वेळ तिची होती आणि ५,००० मीटरमध्येही ती कविताच्या पुढे होती. मोठ्या स्पर्धांतल्या पदकांच्या संख्येने कविता, कारण राष्ट्रकुलचं कांस्य, आशियाई स्पर्धांचं रौप्य आणि कांस्य अशी तीन पदकं तिच्या नावावर जमा झाली, प्रिजाच्या नावावर एक सुवर्ण आणि एक रौप्य. पदकाच्या रंगाने पुन्हा प्रिजा. आणि इतिहासातल्या जागेच्या मापाने कविता. लोकांच्या स्मरणात दिल्ली राहिली, पण खेळाडू म्हणून कविता सर्वांत उंच उभी होती ती ग्वांगझूत, आणि हे हरसूलच्या शाळांतल्या मुलींनाही सांगायला हवं. कांस्यापेक्षा रौप्य मोठं हा त्यामागचा हिशेब नाही. आयुष्यातली सर्वोत्तम धाव आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्यासमोर करता येणं दुर्मीळ असतं, आणि तिथे ते तिला साधलं.

असा प्रश्न फक्त धावण्यातच पडतो असं नाही. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत बेसबॉलच्या हंगामाचे पुरस्कार जाहीर होत होते आणि तिथेही हीच चर्चा पेटली होती. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यामुळे सरासरीला वजन येतं. एखाद्या दिवसाचं नशीब शंभराव्या सामन्यापर्यंत वितळून जातं. तिथला सर्वोत्तम गोलंदाज, म्हणजे पिचर, निवडताना अनेक दशकं मुख्य आकडा असायचा तो जिंकलेल्या सामन्यांचा. २०१० साली सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझने फक्त १३ सामने जिंकले आणि १२ गमावले. न्यूयॉर्कच्या सी. सी. सबाथियाने २१ जिंकले होते. पण हर्नांडेझने नऊ डावांमागे सरासरी २.२७ धावाच दिल्या होत्या, आणि तो ज्या संघाकडून खेळत होता त्याने १०१ सामने गमावले होते. त्याच्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत तर तो जिंकणार कसा? मत देणाऱ्या पत्रकारांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि २८ पैकी २१ जणांनी पहिलं मत हर्नांडेझला दिलं. पुरस्काराचा मापदंड त्या दिवशी उघडपणे बदलला.

त्याच हंगामात सर्वाधिक होमरन, ५४, टोरांटोच्या होसे बॉतिस्ताचे होते. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र टेक्सासच्या जॉश हॅमिल्टनला मिळाला, त्याची फलंदाजीची सरासरी .३५९ होती. एका रकान्यात पहिला आलेला आणि हंगामाचा मानकरी हे दोन वेगळे खेळाडू असू शकतात, ही गोष्ट तिथल्या प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण दर वर्षी तो सगळे रकाने वाचतो आणि त्यावर भांडतो.

महाराष्ट्रात अशी सवय लागली ती कबड्डीने. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात सर्वाधिक रेड पॉइंट दिल्लीच्या आशू मलिकचे होते, सर्वोत्तम बचावपटूचा मान पुणेरी पलटणच्या इराणी महंमदरझा शादलूला मिळाला आणि स्पर्धेतला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तो पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला. १ मार्च २०२४ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं. अस्लम कुठल्याच एका रकान्यात पहिला नव्हता. पण त्याच्या रेड, त्याच्या पकडी आणि संघ चालवण्याची त्याची पद्धत हे सगळं एकत्र मोजलं की तो पहिला ठरत होता. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईने सहाव्या हंगामात यू मुंबाकडून २१८ रेड पॉइंट घेतले तेव्हा गावोगावच्या मैदानांवर त्या आकड्याची चर्चा झाली. आकडा लोकांपर्यंत पोचला की खेळाडू लोकांचा होतो, हे कबड्डीने दाखवून दिलं.

धावण्याची अडचण वेगळी आहे. १०,००० मीटर धावणारी खेळाडू वर्षात ही शर्यत मोजक्याच वेळा धावू शकते, कारण शरीर सावरायला आठवडे लागतात. सरासरी काढायला आकडेच पुरत नाहीत. त्यामुळे हंगाम एका दिवसावर, कधी एका वळणावर ठरतो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने आता क्रमवारी सुरू केली आहे. त्यात प्रत्येक धावेला वेळेचे गुण आणि स्पर्धेतल्या स्थानाचे गुण असे दोन्ही मिळतात आणि ठरावीक कामगिऱ्यांची सरासरी काढली जाते. लांब शर्यतींसाठी कमी कामगिऱ्या पुरतात. पदक आणि घड्याळ यांच्यातला जुना तंटा मिटवण्याचा तो प्रयत्न आहे. २०१० साली ही क्रमवारी नव्हती. असती तर प्रिजा आणि कविता यांच्यातलं अंतर किती भरलं असतं, हा अभ्यासकांनी करून पाहावा असा हिशेब आहे.

पदक आणि वेळ एकमेकांशी फटकून वागतात याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं आहे. २०१८ साली त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. मग तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला. बर्मिंगहॅमच्या २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धांत तो ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं, रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धांत ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्ण मिळालं. सुवर्णाची वेळ रौप्याच्या वेळेपेक्षा आठ सेकंदांहून मंद. जुलै २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटं ०९.९१ सेकंद ही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली, आणि तिथे त्याला कुठलंच पदक नव्हतं. महिनाभरात त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी झाली, त्यात तो अकरावा आला. अविनाशचा श्रेष्ठ हंगाम कोणता, याचं उत्तर तिन्ही वर्षांसाठी देता येतं.

कविताचा दुसरा मोठा हंगाम मैदानावरचा नव्हता, रस्त्यावरचा होता. २०१५ आणि २०१६च्या सुरुवातीचे महिने भारतीय महिला मॅरेथॉनसाठी असाधारण होते. जानेवारी २०१५च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये केरळच्या ओ. पी. जैशाने २ तास ३७ मिनिटं २९ सेकंद ही वेळ दिली आणि राष्ट्रीय विक्रम मोडला. तिच्या मागे माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत जैशाने तो विक्रम २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांवर आणला, आणि उत्तर प्रदेशची सुधा सिंग २ तास ३५ मिनिटं ३५ सेकंदांत तिच्या मागोमाग आली. मग १२ फेब्रुवारी २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत कविताने २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. ऑलिंपिकची पात्रता वेळ २ तास ४५ मिनिटं होती. चौघींनी ती ओलांडली होती, जागा तीनच होत्या. ललिता आणि सुधा यांनी रिओसाठी स्टीपलचेस निवडलं, त्यामुळे मॅरेथॉनला जैशा आणि कविता गेल्या.

या चौघींच्या तक्त्यात कविता चौथी आहे, ललितापेक्षा सतरा सेकंदांनी मागे. पण गुवाहाटीचं सुवर्ण तिचं आहे. हा तक्ता शेजारी ठेवला की कळतं, त्या दोन वर्षांत दोन मराठी मुली, एक दुष्काळी माणदेशातली आणि एक भरपूर पावसाच्या त्र्यंबक तालुक्यातली, देशाच्या पहिल्या चारांत होत्या.

रिओची गोष्टही नोंदवायला हवी, कारण हंगामाचा हिशेब फक्त चांगल्या दिवसांचा नसतो. १४ ऑगस्ट २०१६ रोजी जैशा ८९वी आली, २ तास ४७ मिनिटं १९ सेकंद. कविता २ तास ५९ मिनिटं २९ सेकंदांत १२०वी. गुवाहाटीपेक्षा वीस मिनिटांहून अधिक मंद. त्यानंतर काहींनी तिच्या कारकिर्दीचं मोल याच आकड्यावरून लावलं. हे अन्यायाचं आहे. ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणं हीच एक कामगिरी आहे, आणि तिच्या खात्यात दिल्ली, ग्वांगझू आणि गुवाहाटी आधीच जमा होती. ललिताचा त्याच रिओत मात्र आयुष्यातला सर्वोत्तम आठवडा झाला. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावं स्थान.

आता पुरस्कार. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, आणि तो एका हंगामाचा नसतो. मागच्या काही वर्षांची कामगिरी पाहून तो दिला जातो, म्हणजे बेसबॉलच्या वार्षिक मानांपेक्षा तो वेगळ्या जातीचा आहे. कृष्णा पुनियाला तो २०१०चा मिळाला, प्रिजाला २०११चा. ग्वांगझूत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकणाऱ्या सुधा सिंगला आणि कविताला २०१२चा. ललिताला २०१६चा, अविनाशला २०२२चा. तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते. ग्वांगझूत एका सेकंदाच्या आत धाव संपवणाऱ्या दोघींच्या पुरस्कारात एका वर्षाचं अंतर पडलं. प्रत्येक खेळाला पुरस्कारांत जागा मोजक्या असतात, आणि सुवर्णाला आधी जागा मिळते हे समजण्यासारखं आहे. पण हंगामाचा स्वतंत्र मान नसल्यामुळे ग्वांगझूतला कविताचा दिवस त्या वर्षी कागदावर कुठेच गौरवला गेला नाही.

हे दुरुस्त करता येतं, आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. राज्यातल्या प्रत्येक मैदानी शर्यतीच्या वेळा एका ठिकाणी नोंदवून वर्षअखेर हंगामाचा तक्ता छापला, प्रत्येक शर्यतीतल्या पहिल्या वीस जणांचा, तर मानकरी निवडायला कुणाच्या स्मरणावर अवलंबून राहावं लागणार नाही. आजची शालेय क्रीडा स्पर्धांची बातमी पाहा. प्रथम, द्वितीय, तृतीय आणि शाळेचं नाव. वेळ क्वचितच. आश्रमशाळेतली एखादी मुलगी जिल्हा स्पर्धेत तिसरी आली असेल, पण तिने तीन हजार मीटर किती वेळात पूर्ण केले हे नोंदलं नाही तर तिच्या तिसऱ्या क्रमांकामागची गुणवत्ता कुणालाच दिसत नाही. एखाद्या वर्षी पहिल्या दोघी विलक्षण असू शकतात.

नाशिकच्या बाबतीत हे जास्त जिव्हाळ्याने म्हणायचं कारण म्हणजे इथून मुली घडणं थांबलेलं नाही. विजेंदर सिंग यांच्याच हाताखाली घडलेली संजीवनी जाधव हिने २०१७मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धांत १०,००० मीटरचं रौप्य मिळवलं. मोनिका आथरे त्याच वर्षी दिल्ली मॅरेथॉन जिंकून लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एकाच जिल्ह्यातून, एकाच प्रशिक्षकाच्या गटातून, एका दशकात.

जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला संजीवनीने १०,००० मीटर ३२ मिनिटं २२.७७ सेकंदांत जिंकले. ग्वांगझूतल्या कविताच्या वेळेपासून ही धाव एकतीस सेकंदांवर आहे, प्रिजाच्या विक्रमापासून बत्तीस सेकंदांवर. पंचवीस फेऱ्यांवर वाटले तर फेरीमागे साधारण सव्वा सेकंद. हा फरक कोणत्या फेऱ्यांत पडतो, सोबत कोण असतं तेव्हा तो कमी होतो, आणि २०१०च्या त्या दोन मुलींनी तो कसा भरून काढला, हे हरसूल परिसरातल्या पुढच्या धावपटूच्या प्रशिक्षकाला फेरीगणिक वेळांसह कागदावर मिळायला हवं.